नवी चूल

बेरमेतनं नव्या चुलीत जाळ केला आणि सगळा धूर उलटा खोलीत आला.

"झालं समाधान?" सासरा अब्दिल्दा दारातच उभा होता, अंगातला कोटही न काढता. "माझ्या हातची चूल मोडलीस. आता बसा हिवाळाभर खोकत!"

बाहेर बर्फ पडून गेलं होतं. डोंगरातल्या नारीन नदीच्या खोऱ्यात आता वसंतापर्यंत ते हटणार नव्हतं. घरात चूल ही एकच.

"मामंजी, आधी दार लावा," बेरमेत म्हणाली. "गार धुराडं पहिल्यांदा रुसतंच."

तिचा बाप चुली बांधायचा; त्याच्याच पद्धतीनं तिनं ही बांधली होती, धुराडं मागच्या खोलीच्या भिंतीतून फिरवून. तिनं त्या भिंतीच्या तळाचं झाकण काढलं, मूठभर गवत पेटवून आत सारलं. भिंतीत घुर्र झालं. खोलीतला धूर मागं फिरला आणि चुलीच्या तोंडातून आत ओढला गेला.

"सरळ वर जाऊ द्यायचं की त्याला! भिंतीभर वरात कशाला काढायची?"

"सरळच जात होता इतकी वर्षं. तुमची चूल आभाळाला शेक द्यायची, आणि आत्याबाई मागच्या खोलीत बूट घालून झोपायच्या."

अब्दिल्दानं कोटाचं एक बटण काढलं, परत लावलं.

दुपारी मागच्या खोलीतून सासू उमसुनची हाक आली. तिनं जाड लोकरी नमद्याचे बूट काढून बाजूला ठेवले होते आणि सुजलेले पाय उघडेच भिंतीला टेकवले होते.

"अहो, हात तर लावून बघा!"

अब्दिल्दानं आधी बोटं लावली, मग अख्खा तळवा. तो बराच वेळ तिथंच राहिला. मग बर्फ ओढायचं निमित्त करून फावडं घेऊन बाहेर गेला.

बेरमेत खिडकीच्या फटीत कापूस कोंबायला बसली. कुंपणापलीकडून शेजारच्या सातारचा आवाज आला.

"काय रे अब्दिल्दा, चूल पेटली नाही वाटतं? आमच्या पागोळ्या गळतायत, तुझ्या छपरावर बर्फ जसंच्या तसं!"

बेरमेतचा हात थांबला. ऊब छपरातून निसटू नये म्हणून माळ्यावर तिनं माती कालवलेला पेंढा जाड अंथरला, तेव्हा सासरा हसला होता.

"पेटलीये की," अब्दिल्दा म्हणाला. "ऊब खाली राहते, बर्फ वर राहतं. आम्ही बांधलीच आहे तशी!"

"आम्ही?"

"मग काय तू?"

बेरमेत गालातल्या गालात हसली, आणि ज्या फटीतून आवाज येत होता तिच्यात उरलेला कापूस तिनं घट्ट दाबून बसवला.