टाळूवरचे ठिपके

आमच्या हिच्या टाळूला कवळीसारखी पातळ पट्टी बसवली होती. जीभ जिथं टेकेल, तिथला ठिपका समोरच्या पडद्यावर उजळायचा. अर्धांगवायूच्या झटक्यात वाचा गेली होती, ती आता एकेका अक्षरानं परत येत होती.

“केळं,” ही म्हणाली. मागचे ठिपके उजळले, ‘क’चे. मग मधले, ‘ळ’चे.

“छान जमलं,” थेरपीच्या मॅडम म्हणाल्या. त्यांनी लेकीचं नाव विचारलं, हिनं सांगितलं. गायीचंही सांगितलं. मग मॅडमनी माझ्याकडे बोट केलं. “आणि यांचं?”

पडदा काळा.

मॅडम माझ्या कानाशी वाकल्या. “काही नावं पुसली जातात, काका.”

काळूराम हे माझं नाव हिनं लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पुढं सगळा संसार ‘अहो’वर झाला. आता ही नाव घेत नाही, की नाव उरलंच नाही, हे मी कुणाला विचारणार? मी हातातली टोपी पिळत राहिलो.

हिनं ते पाहिलं. डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

पडद्यावर मागचे ठिपके उजळले. मग मधले. मग पुढं एकच, क्षणभर. ‘क’, ‘ळ’, ‘र’. खोलीत आवाज कसलाच नव्हता.

मॅडम हसल्या. हिची नजर पडद्यावर गेली आणि हिनं चटकन जीभ चावली.

पडदा पुन्हा काळा झाला.