एकसष्ट नाणी

"आठशे बारा," सासऱ्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. "नाणं अजून पडलं नाही."

"हजाराला पडतं, बाबा. कालपासून."

"परवापर्यंत पाचशेला पडत होतं!"

"सुरुवातीला सोपंच असतं. मग अवघड करत न्यायचं. नाहीतर नाण्यांचा पूर येतो आणि त्यांना कोणी विचारत नाही." सुनेने कॉम्प्युटरवरून नजर न काढता सांगितलं.

तिचं कामच ते. लोकांनी चालायचं, फोनने पावलं मोजायची, त्या पावलांची डिजिटल नाणी व्हायची. नाणी बेसुमार निघू नयेत हे ती पाहायची; तेही घरूनच. किराणा दाराशी येई. पडदे ओढलेले असत, कारण उजेडात स्क्रीन दिसत नाही म्हणे.

सासऱ्यांसाठी तिने तसंच एक घरगुती नाणं केलं होतं. तिचा नवरा गेल्याला वर्ष होत आलं होतं. मुलगा गेला तशी सासऱ्यांनी झुलती खुर्ची धरली. गुडघे संपावर गेलेत, एवढंच म्हणत. बसून बसून हेही हातचे जातील, या भीतीने सुनेच्या जिवाला घोर लागला होता. नवऱ्याच्या फोनमध्ये आवाजी निरोप सापडले, एकूण एकसष्ट. तिने नियम केला: एका नाण्याला एक निरोप. नाणी एकसष्टच. बासष्टावा निरोप आता कुठून यायचा?

"बरोबर करतेस," सासरे म्हणाले. "चाळीस वर्षं या शहराला पाणी सोडलं मी. नळ दिवसभर चालू ठेवला की कोणी बादली उचलत नाही. तासभरच सोड, झोपलेलेही उठतात."

एके दिवशी मात्र जेवणाआधीच सहा हजार पावलं झाली. सुनेने वळून पाहिलं. सासरे खुर्चीत डोळे मिटून झुलत होते आणि फोन पायमोज्यात खोचलेला होता.

"बाबा! ही चक्क चोरी आहे."

"नियमात कुठे लिहिलंय चोरी म्हणून?"

ती हसली. कितीतरी दिवसांनी घरात तो आवाज झाला आणि सासऱ्यांना फार बरं वाटलं. सहाही नाणी तिने साठ्यात परत टाकली आणि संध्याकाळपर्यंत नवा नियम बसवला: दोन फोन शेजारी शेजारी चालले तरच नाणं.

"म्हणजे तुला माझ्याबरोबर यावं लागणार," सासरे कुरकुरले.

"यावंच लागेल. तुमचा काय भरवसा?"

पहिले तीन दिवस ते जिन्याशीच थांबले. "आज दम लागला गं, परत फिरू," सासरे म्हणायचे आणि तिचा हात घट्ट धरायचे. तिच्या तळव्याला घाम सुटलेला असे. चौथ्या दिवशी एक मजला उतरले. दुसऱ्या आठवड्यात अंगण आलं.

सकाळी तिथे धुकं असायचं. समोरच्या इमारती अर्ध्याच दिसत. नाणं पडलं की दोघं एकेक इअरफोन कानात घालून धुक्यातच उभे राहत. "दहा मिनिटांत पोचतोच," तो सांगायचा. "दूध आणू का?" सून हळूच "हो, आण" म्हणायची. सासरे दुसरीकडे पाहायचे. मग पुन्हा पावलं सुरू व्हायची, आणि धुकं इतकं मऊ असे की तो खरंच पुढच्या वळणावर असेल असं दोघांनाही वाटे.

अठ्ठावीस नाणी झाली तेव्हा ते चौकात पोचले.

दुसऱ्या दिवशी सुनेची लांबलचक मीटिंग होती. तिच्या खोलीचं दार बंद झालं तसे सासरे उठले. फोन त्यांनी खुर्चीतच ठेवला. तीन मजले भराभर उतरले आणि कालव्याच्या कडेने, कुठेही न थांबता, शीळ घालत दोन मैलांवरच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई वाटच पाहत होत्या.

"काय प्रगती?"

"काल चौकापर्यंत. तिथल्या दुकानात पाव घेतला, दुकानदाराशी दोन शब्द बोलणं झालं."

डॉक्टरीणबाईंनी सुनेच्या नावाची फाइल उघडली आणि लिहिलं: अकरा महिने घराबाहेर न पडलेली रुग्ण काल चौकापर्यंत जाऊन आली.