मन भरेपर्यंत

गजेंद्रनं पिंजऱ्यात टांगलेल्या घरट्याच्या मटकीत हात घातला आणि मादी चावली नाही. एरवी बोटातून रक्त काढल्याशिवाय न सोडणारी ती हिरवी लव्हबर्ड मादी आज नुसती मान वळवून त्याच्याकडे बघत राहिली. उठायचंसुद्धा तिच्या जिवावर आलं होतं.

"हेबी फोकटच निघाले," तो म्हणाला.

मोबाइलच्या टॉर्चसमोर एकेक अंडं धरून त्यानं पाहिलं होतं. जीव धरलेल्या अंड्यात लाल रेघा दिसतात. यांत काहीच नव्हतं, नुसता पिवळट उजेड. त्यानं ती सगळी अंडी कागदावर काढून ठेवली.

पुष्पलता ओसरीत तांदूळ निवडत बसली होती. शेजारी उद्याची पिशवी भरून तयार होती. फायली, सोनोग्राफीचे फोटो, पाण्याची बाटली. सकाळच्या गाडीनं गोंदियाला डॉक्टरकडे जायचं, पुन्हा उपचार सुरू करायचे, पुन्हा सुया टोचून घ्यायच्या. सासूबाई तुळसाबाई तर त्यासाठी नवस बोलायला रामपायलीला गेल्याही होत्या. पुष्पलताला कोणी विचारलं नव्हतं असं नाही. "जाऊ ना?" असं गजेंद्रनं विचारलं होतं. नाही म्हणायला जेवढं बळ लागतं तेवढंही तिच्या अंगात उरलं नव्हतं, म्हणून ती हो म्हणाली होती.

"कुठी नेता ते अंडे?" तिनं विचारलं.

"फेकतो. डोयासमोर राह्यले त बसूनच राहते ते. काढले का नवीन घालते."

याआधी दोनदा त्यानं हेच केलं होतं. अंडी वाया गेली की लगेच काढायची, मादीनं लगेच नवी घालायची. गल्लीतले लोक लव्हबर्डची पिल्लं कधी देता म्हणून विचारत, आणि गजेंद्रला कोणालाच नाराज करता येत नसे. माणूस वाईट नव्हता. उलट, दुःख दिसलं की ते उचलून नजरेआड ठेवायची त्याला भारी घाई.

"पाहा त खरं तिच्याकडं," पुष्पलता म्हणाली. "कशी पिसं फुगवून बसली. सकाळपासून दाण्याले चोच नाही लावली."

गजेंद्रनं पाहिलं. मग काय वाटलं कोणास ठाऊक, त्यानं गोंदियाच्या पाखरंवाल्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अंडे निकाल दिए क्या?" तिकडून पहिला प्रश्न हाच आला.

"हौ भैया. खराब थे. पहले के भी निकाल दिए थे."

"अरे, यही तो गलती है! निकालोगे तो फिर देगी, फिर निकालोगे फिर देगी. दे-दे के मर जाएगी. वापस रख दो."

"पर उनमें कुछ है नहीं."

"नहीं है तो नहीं है. उसको बैठने दो. मन भर जाएगा तो खुद उठ जाएगी."

फोन बंद झाला. गजेंद्र कागदावरच्या अंड्यांकडे बघत राहिला.

"मले का मालूम," तो पुटपुटला. "मले वाटलं, डोयासमोर नसले त तरास होत नाही."

पुष्पलताचे हात सुपातच थांबले.

दिवाळीच्या तोंडावर, पाचव्या महिन्यात, ती दवाखान्यातून रिकामी घरी आली, तेव्हा पेटीत बाळाचं टोपरं नव्हतं. बाळ व्हायच्या आधी शिवू नये म्हणतात, तरी तिनं जुन्या पिवळ्या साडीचं ते लपूनछपून शिवलं होतं. सासूबाईंचा सगळा राग त्या टोपऱ्यावर निघाला. ते कोणी उचललं, हे तिनं विचारलं नाही. आठवडा उलटायच्या आत स्वयंपाक तिच्या हाती आला होता आणि घरात पुढच्या डॉक्टरची बोलणी सुरू झाली होती. धड रडायलाही तिला सवड मिळाली नाही.

"अवो," ती म्हणाली.

"हौ."

"माह्या बखत कोणाले फोन काहून नाही लावला?"

गजेंद्रला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि त्याची मान खाली गेली.

"पुष्पा, उद्याची गाडी..."

"येईन मी. नाही नाही म्हणत. पन उद्या नाही." तिचा आवाज चढला नाही, चढवायला त्राणच नव्हतं. "पयले मले बसू द्या."

गजेंद्र कागद उचलून पिंजऱ्यापाशी गेला आणि एकेक अंडं हळूच मटकीत परत ठेवलं. मादीनं ती चोचीनं ओढून पोटाखाली घेतली. मग तो आत गेला. स्टूल सरकवल्याचा, डबा उघडल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात पिवळं टोपरं होतं, कांगणीचे बारीक दाणे चिकटलेलं. इतके दिवस ते पाखरांच्या दाण्याच्या जुन्या डब्यात होतं.

"मायनं फेकाले देल्लं होतं," तो म्हणाला. "माह्यानं नाही झालं."

त्यानं ते तिच्या मांडीवर ठेवलं. उद्याची पिशवी उचलून आत नेली. परत येऊन सूप आपल्याकडे ओढलं आणि तांदळातले खडे वेचू लागला.

पुष्पलतानं टोपऱ्यावरचा एकेक दाणा काढला. त्याची नाडी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग ते छातीशी धरून ती बसून राहिली.

दिवेलागण झाली तरी तिला कोणी ऊठ म्हणालं नाही.