गाडीतला आरसा

राहतं घर विकून दातांच्या डॉक्टरांनी ती जुनी, दुर्मिळ इटालियन गाडी घेतली तेव्हा बायकोने कपाळाला हात लावला. इंजिन गुरगुरलं की डॉक्टर मात्र सगळं विसरायचे. खोड एकच होती: गाडीतला आरसा रोज सकाळी खाली झुकलेला असायचा, बुटक्या माणसाने स्वतःसाठी बसवल्यासारखा. पहिला मालक बुटकाच होता आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या बसल्या गेला, हे मेकॅनिकने सांगितलं होतं. “स्क्रू ढिला असेल,” म्हणत डॉक्टर आरसा वर करायचे. आज मात्र हात न लावताच आरशात मागचा रस्ता नीट दिसला. “अगं, आला एकदाचा वठणीवर!” ते खुशीत खाली उतरले. भाड्याच्या घराच्या दारात उभ्या बायकोला हसू फुटलं. “अहो, कुणाची पँट घातलीत? जमिनीवर लोळतेय!” पँट त्यांचीच होती. कालपर्यंत खांद्याला येणाऱ्या बायकोकडे बघायला डॉक्टरांना मान वर करावी लागली.