बांधावरचं गवत

तितर बंदुकीनं नव्हे, बांधावरचं गवत गेल्यानं संपले, हा दुर्गाघाटच्या विश्वेशरावांचा सिद्धांत. शेतीचा इतिहास शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी काशीबाहेरच्या आपल्या शेतात बांधोबांध गवत राखलं. चार वर्षांत सिद्धांत सापांना पटला, तितरांना नाही.

आज सकाळी मात्र तितर बोलले. वहीत नोंद करताना विश्वेशरावांचे डोळे भरून आले, तशा त्यांच्या पत्नी प्रेमलाताई चुळबुळल्या.

"अहो, सच सांगते, रागावू नका. शेजारच्या रामदुलारचा पाळलेला तितर मागून आणलाय. खोपीमागे पिंजरा आहे. रोज तुमचं उतरलेलं तोंड बघवेना."

विश्वेशरावांनी नोंद खोडली.

"एकानं भागलं नसतं का? दुसरा त्या गवतात कशाला दडवलास?"

"गवतात? अहो, मी एकच तर आणला!"