दारूची चूळ

"रोज पितात. दुकान बंद केलं की पिऊनच घरी येतात." नवऱ्याने तोंड उघडण्याआधीच बायकोने सांगून टाकलं.

खाटेवरचा घड्याळजी छताकडे बघत राहिला. स्वादुपिंडाला सूज आली होती. पोटातली कळ थेट पाठीत जात होती. दोन दिवस तोंडावाटे काही नाही, सगळं सलाइनवर.

डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण चौकस. उत्तर मिळाल्याशिवाय गप्प बसतील तर शपथ. "काका, हात पुढे करा बघू. बोटं पसरा."

त्याने पसरली. एकही बोट हललं नाही.

"रोजची दारू एकदम तुटली की दोन दिवसांत हात थरथरायला लागतात. तुमचे तर नाहीत." त्या खाटेच्या कडेला टेकल्या. "या सुजेची मुख्य कारणं दोन. दारू, नाहीतर पित्ताशयातून निसटलेला खडा. सोनोग्राफीत गॅसमुळे नीट दिसलं नाही. दारू असेल तर सोडायची. खडा असेल तर पित्ताशयच काढावं लागेल, नाहीतर दुखणं उलटेल आणि जिवावर बेतेल. तेव्हा खरं सांगा."

घड्याळजीने बायकोकडे पाहिलं. "मी पीत नाही."

"अहो, रोज तोंडाला वास येतो."

"चूळ भरतो. कोपऱ्यावर. थुंकून टाकतो."

"थोडीही गिळत नाही?" डॉक्टरीणबाई पुढे झुकल्या.

"छे. कडू लागते."

"मग रोज तासभर असता कुठे?" बायकोने विचारलं. औषधोपचाराशी याचा काही संबंध नव्हता, तरी डॉक्टरीणबाई जागच्या हलल्या नाहीत.

"दादाकडे."

त्या घराचं नाव काढायचं नाही, असा तिचा दंडक होता. जावाजावांचं नेमकं कशावरून बिनसलं, ते आता कुणालाच धड आठवत नव्हतं.

"दारूवरून तू भांडायचीस," तो हळूच म्हणाला, "पण नांदत होतीस. दादाकडे जातो हे कळलं असतं तर बॅग भरली असतीस."

पुन्हा सोनोग्राफी करायला सांगून डॉक्टरीणबाई नाइलाजाने निघाल्या.

बायको बसून राहिली. खरं तर राग यायला हवा होता. पण नुसतं वाईट वाटत होतं. तिने त्याची चादर सारखी केली, मग पुन्हा केली.

"जाऊबाईंचे गुडघे कसे आहेत?" तिने विचारलं.