फुसक्या टिकल्या

ऑरिनने डबी काउंटरवर इतक्या जोरात आपटली की दुकानदार लोवेलची कॉफी सांडली.

"बंदुकीचं सामान विकतोस की फुटाणे?"

डबीत प्रायमर होते, काडतुसाच्या बुडाशी बसवायच्या ठिणगीच्या टिकल्या. मॉन्टानाच्या त्या खोऱ्यात निम्मे लोक वापरलेली काडतुसं घरीच पुन्हा भरतात आणि त्यात ऑरिनचा हात धरणारा कोणी नव्हता. पण टिकलीच फुसकी निघाली तर त्याने काय डोकं फोडून घ्यावं? जिला जन्मात एकदाच पेटायचं, तिला तेवढंही जमू नये, म्हणजे संताप येणारच.

लोवेलने वाद घातला नाही. त्याच खेपेच्या डब्या आणखी लोकांनी परत आणल्या होत्या. त्याने कारखान्याला फोन केला होता, तर तिथल्या पोराने विचारलं, तुमच्या गिऱ्हाइकांना टिकली नीट बसवता येते ना? चोर तो चोर, वर शिरजोर. हे ऐकून ऑरिन आणखीच भडकला. सोबत आलेली त्याची बायको व्हर्नाही भडकली. हिवाळ्याच्या तोंडावर घरातली मांसाची पेटी रिकामी होती आणि हातातोंडाशी आलेला एल्क, सांबरापेक्षाही थोराड हरीण, निसटला होता. वाटेत गाडीत तिनेच त्या कारखान्याला जास्त शिव्या घातल्या होत्या.

"होता कुठे एल्क?" लोवेलने विचारलं.

"आमच्याच ओढ्यावर, आडव्या पडलेल्या झाडापाशी. आज उजाडता उजाडता. तपकिरी, चांगला धिप्पाड. खाली वाकून पुढच्या खुराने बर्फ फोडत होता. दोनदा चाप ओढला, दोन्ही वेळा नुसतं टक्."

"चष्मा होता का डोळ्यावर?"

"एल्क बघायला चष्मा? म्हातारा समजतोस काय मला?"

लोवेल हसला आणि दुसऱ्या कारखान्याची नवी डबी त्याने पुढे सरकवली. त्या खोट्या कंपनीचं सामान पुन्हा दारात आणलंस तर बघ, असं बजावून ऑरिन गाडी सुरू करायला बाहेर गेला.

व्हर्ना तिथेच उभी राहिली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तशी ती काउंटरवर वाकली.

"परत आलेल्या फुसक्या डब्या फेकू नकोस, लोवेल," ती हळूच म्हणाली. "आहेत तेवढ्या सगळ्या मला दे. या नव्या डबीतल्या टिकल्या काढून घरी गेल्यावर मी त्या फुसक्या भरीन."

"अगं, पण का?"

"आज सकाळी त्या झाडापाशी, हाच तपकिरी कोट घालून, गाईंच्या पाण्यासाठी कुऱ्हाडीने बर्फ मी फोडत होते."